पोटाची लोकर

"पोटाचीही काढ," शुकरी सुनेला म्हणाली. "तीच तर सगळ्यात मऊ."

खिमीच्या मांडीवर भुरी निवांत पडली होती. घरातल्या सशांमधली सगळ्यात लांब लोकरीची मादी, आणि गाभण.

"अम्मा, हिचे दिवस भरत आलेत. ती पोटाची लोकर उपटून पिल्लांखाली अंथरते."

"मग गवत घाल! माझ्या निरतूच्या बाळाचं पांघरूण मोठं, की सशाची पिल्लं?"

निरतू म्हणजे शुकरीची लेक. तिचं नाव निघालं की या घरात वाद संपायचा. खिमीनं कात्री उचलली.

लोकर कातरण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. फुंकर मारून ती लोकर दुभंगायची, गाठी बोटांनी सोडवायची. लोकर वर ओढली की खालची पातळ कातडीही उचलली जाते आणि कात्रीत सापडते, म्हणून ती कधी ओढत नसे. कातडी सपाट दाबून धरायची. पोटावर तर एकेक सड चाचपून, त्यावर बोट ठेवूनच कात्री चालवायची.

"हलू नकोस गं, कापेल," ती भुरीला सांगत राहिली. साधा ओरखडाही उठला नाही. इतक्या मायेनं आपण हिला नागवलं, याची खिमीला स्वतःचीच शिसारी आली.

शुकरीनं सूत कातलं, रात्रंदिवस खपून पांघरूण विणलं. निरतू आली, तिनं ते गालाला लावलं आणि परत दिलं.

"अम्मा, याचे केस बाळाच्या नाकातोंडात जातील. आम्ही बाजारातून आणलंय."

पांघरूण स्वतःच्याच गुडघ्यांवर घेऊन शुकरी शेगडीपाशी बसली.

"अम्मा, आता ते भुरीच्या पेटीत घालू का?" संध्याकाळी खिमीनं विचारलं. "आज-उद्याकडे व्यायची ती. बाहेर बर्फ पडतंय."

"डोकं फिरलंय का तुझं? सशाची लोकर सशाला परत?"

खिमी गप्प बसली. गेल्या पौषात तिचं स्वतःचं बाळ गारठून गेलं, तेव्हा त्याच्या अंगाभोवती जुन्या स्वेटरची बाही होती. तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती.

सकाळी तिनं पेटी उघडली. भुरी आपल्या उघड्या पोटाला दात लावून ओढत होती. तोंडात काहीच येत नव्हतं, कातडी तेवढी लालभडक झाली होती. गवतावर चार पिल्लं थिजून पडली होती. दोन अजून हलत होती.

खिमीनं ती दोन उचलून पोलक्यात, छातीशी धरली आणि कात्री घेऊन आत, शेगडीपाशी बसलेल्या शुकरीकडे गेली.

"अगं ए, काय करतेस? माझं पांघरूण!"

खिमीनं पांघरूण शुकरीच्या गुडघ्यावर तळहातानं सपाट दाबलं आणि कात्री लावली.

"हलू नका अम्मा," ती म्हणाली. "कापेल."