आधीचं ऑपरेशन

तिला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणे ते ठीक, पण गिऱ्हाइकंही म्हणत, आणि तिच्या दुकानात कव्हरं शिवणाऱ्या, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या मावशीसुद्धा. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, ज्याच्यावर म्हणून माणूस बसतो ते सगळं ताई दुरुस्त करून द्यायची. जुनं कापड उसवायचं, बसलेला फोम काढून नवा घालायचा, वरून कापड ताणून पिनांच्या गनने ठोकायचं. हाताला विलक्षण सफाई होती. वजन होतं एकशे अठरा किलो, आणि त्यावरून कुणी बोललंच तर ती म्हणायची, “मी बसून जी खुर्ची मोडली नाही ती जगात कुणीही बसलं तरी मोडायची नाही. हीच माझी गॅरंटी.”

धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसणं नशिबी आलं. बायकोचा रक्तगट जुळेना. आई थकलेली. ताईचा मात्र पहिल्याच तपासणीत जुळला. मग काय, ताई किडनीच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, “तारीख सांगा. दुकान दोन आठवडे बंद ठेवायची माझी तयारी आहे.”

डॉक्टरीणबाईंनी फाइल शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला.

“तुमची किडनी झकास आहे. पण या वजनावर मी ती काढणार नाही.”

“का बरं?”

“एक काढली की उरलेल्या एकीवर सगळा भार येणार. तुमची साखर आत्ताच काठावर आहे. दहा वर्षांनी तुम्हीच भावाच्या शेजारच्या खुर्चीत बसाल. पंच्याऐंशीच्या आत या, मग मी स्वतः तारीख देते.”

म्हणजे तेहतीस किलो. ताईने आजवर चार वेळा पंधरा-पंधरा किलो उतरवले होते आणि चारही वेळा वर थोडी भर घालून परत आणले होते. तरी तिने कंबर कसली. तीन महिने उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, पहाटे चालली, घरातली बिस्किटं शेजारी देऊन टाकली. सहा किलो गेले आणि काटा जो अडला तो अडलाच. तिकडे धाकट्याचा चेहरा राखेसारखा होत चालला होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तिला खालच्या मजल्यावर पाठवलं. तिथे वजनाची ऑपरेशनं करणारा सर्जन बसायचा.

हा सर्जन बोलता बोलता चित्रं काढायचा. त्याने कागदावर जठर काढलं आणि त्यावर उभी रेघ मारली. “एवढा भाग काढून टाकायचा. उरेल ती केळ्याएवढी नळी. भूक लावणारा रस बराचसा या काढलेल्या भागात तयार होतो, त्यामुळे भूकही कमी होते.”

“आणि कापलेली कड? शिवता?”

“स्टेपलर असतो. एकाच वेळी कापतो आणि पिना मारतो.”

ताई पुढे सरकून बसली. आता हा तिच्या धंद्यातलं बोलत होता. “पिना किती ओळींत?”

“दोन्ही बाजूंना तीन-तीन.”

“आणि ताण आला तर कड उसवते का?”

सर्जनने पेन खाली ठेवलं. हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. “क्वचित गळते. शंभरात एखाद्याची. म्हणून पहिले सहा आठवडे तुम्ही ताण द्यायचा नाही. आधी पाणी, मग पातळ, मग मऊ. उलटी होईल असं काही करायचं नाही.”

“ते बरोबर आहे,” ताई म्हणाली. “नव्या कामावर लगेच उड्या मारायच्या नसतात.”

ऑपरेशनाआधी मानसोपचारवाल्या बाईंना भेटणं सक्तीचं होतं. ताईला वाटलं, आपण वेड्या नाही एवढं सांगून सुटू. त्या बाईंनी साधंच विचारलं, “तुम्ही खाता कधी?”

“दोन वेळा. सगळ्यांबरोबर. आणि खरं सांगते, माझ्या नवऱ्यापेक्षा कमी.”

“आणि एकट्या असता तेव्हा?”

ताईने जे सांगितलं ते तिने आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मावशी संध्याकाळी गेल्या की दुकानाचं शटर अर्धं ओढून, कापडाच्या ठाणांमागे उभं राहून ती खायची. पाव, बटाट्याचे काप, केक, जे असेल ते. उभ्याने आणि भराभरा, कुणी मागे लागल्यासारखं. चवीकडे लक्षही नसायचं. बसून खाल्लं असतं तर ते जेवण झालं असतं, आणि मग ते मोजावं लागलं असतं.

“पोट लहान होईल,” बाई म्हणाल्या, “पण ती ठाणांमागची जागा कुठे जाणार नाही. तिचं काय करायचं ते आत्तापासून ठरवा.”

ताई घरी आली ती चिडूनच. पण दुसऱ्या दिवशी तिने मावशींना सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, “उद्यापासून संध्याकाळी आपण दोघींनी दुकान बंद करून बरोबरच निघायचं. मी मागे राहते म्हटलं तर ऐकायचं नाही.”

“अगं, एवढंच ना?” मावशी सुई ओवत म्हणाल्या. “मला वाटलं, माझी सुट्टी कापतेस.”

ऑपरेशनाआधीचे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला आत हात फिरवायला जागा मिळते म्हणे. सकाळी पावडरचं दूध, दुपारी गाळलेलं सूप, रात्री पुन्हा पावडरचं दूध. तिसऱ्या दिवशी ताईचं डोकं असं ठणकलं की तिने गिऱ्हाइकाच्या खुर्चीला उलटं कापड ठोकलं. नवरा बिचारा काडीसारखा माणूस, तिच्यासमोर घास घ्यायची त्याला लाज वाटायची. तो ताट घेऊन गच्चीत जाऊ लागला. एकदा पाऊस आला तरी आत येईना, तेव्हा ताईनेच दार उघडून हाक मारली, “अहो, आत या. मला वासाने काही होत नाही. तुमच्या न्युमोनियाने होईल.”

धाकट्याला हे सगळं कळलं ते बायकोकडून. तो डायलिसिसवरून तडक दुकानात आला, दंडावरची पट्टी तशीच.

“ताई, पोट कापून घेतेयस म्हणे. माझ्यासाठी?”

“मग कुणासाठी?”

“मला नकोय असली किडनी. तुझं काही बरंवाईट झालं तर मी ती अंगात घेऊन कसा फिरू?”

“ओरडू नकोस, रक्तदाब वाढेल.”

“वाढू दे!”

मावशींनी शिलाई मशीन थांबवलं. ताईने हातातली गन बाजूला ठेवली. “हे बघ, मला जिना चढवत नाही. झोपेत श्वास अडकतो, तुझे दाजी मला हलवून जागं करतात. साखर काठावर. हे मला दहा वर्षं माहीत होतं आणि दहा वर्षं मी काही केलं नाही. आता तुझं निमित्त झालंय. निमित्त तरी नीट हो, आणि गप्प बस.”

धाकटा गप्प बसला. समोरच्या अर्ध्या उसवलेल्या सोफ्यावर. जाताना म्हणाला, “स्प्रिंग टोचतंय याचं.”

ऑपरेशनाच्या दिवशी नर्सने तिच्या पायात घट्ट मोजे चढवले, ते चढवताना दोघी घामाघूम झाल्या. ताई स्वतःच्या पायांनी थिएटरमध्ये गेली. दिवे मोठे होते, थंडी मरणाची. ज्या टेबलावर झोपायचं त्याला तिने सवयीने तळहाताने दाबून पाहिलं. फोम पातळ होता. ते सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात भूलतज्ज्ञाने मास्क लावला.

जाग आली तेव्हा पोट दुखत होतं, पण त्याहून डावा खांदा. पोटात भरलेल्या गॅसमुळे असं होतं, चालल्यावर जातं, असं नर्सने सांगितलं आणि चार तासांत तिला उभंही केलं. ताईने नवऱ्याचा हात धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत फेरी मारली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या छोट्या कपातून पाणी मिळालं. तो कप संपवायला पाव तास लागला. एक घोट, थांबा. दुसरा घोट, थांबा. चौथ्या दिवशी ती घरी आली.

मग आले खरे कठीण दिवस. भूक नव्हती, पण खाण्याची आठवण मात्र जात नव्हती. टीव्हीवर कुणी पाव मोडला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाचव्या आठवड्यात तिला अर्धं उकडलेलं अंडं मिळालं. त्याचे तिने वीस तुकडे केले आणि तेराव्या तुकड्याला पोट भरलं. उरलेले सात तुकडे बघत ती हमसून हमसून रडली. “अंड्यासाठी?” नवऱ्याने घाबरून विचारलं. “अंड्यासाठी,” ती म्हणाली. दुसरं काही खरं कारण नव्हतंच.

दोन महिन्यांनी एक चूक झालीच. मावशी आजारी होत्या, दुकानात ताई एकटी होती. तिने ठाणांमागे जाऊन पावाचा एक लचका तोडला आणि जुन्या सवयीने न चावता गिळला. तो छातीच्या मध्यात रुतून बसला. ना वर, ना खाली. तोंडाला फेसासारखी लाळ सुटली, घाम फुटला. बादलीशी पाऊण तास ओणवी बसल्यावर तो सुटला. ती तशीच जमिनीवर बसून राहिली. मग तिने सर्जनच्या दवाखान्यात फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी मानसोपचारवाल्या बाईंची वेळ मागून घेतली. या वेळी तिला कुणी सक्ती केली नव्हती.

काटा उतरत राहिला. एकशे दोन, शहाण्णव, नव्वद. चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात येऊ लागले, ते पुढे थांबलं. रात्रीचा श्वास अडकेनासा झाला, आणि नवरा तक्रार करू लागला की एवढ्या शांततेत त्याला झोप लागत नाही. नवव्या महिन्यात ती किडनीच्या डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर उभी राहिली. चौऱ्याऐंशी. साखरही आता काठावर नव्हती. बाईंनी शब्द पाळला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.

त्या तारखेला अकरा दिवस उरले होते. सकाळचे दहा वाजले होते आणि ताई एका आरामखुर्चीखाली आडवी होऊन पट्टा ठोकत होती. फोन वाजला. धाकटा.

“ताई, हॉस्पिटलमधून फोन आलाय. अवयवांच्या प्रतीक्षायादीवर माझा नंबर लागला. कुणीतरी अपघातात गेलंय, घरच्यांनी अवयव दिलेत. तासाभरात हो की नाही ते सांगायचंय. काय करू? तू एवढं सगळं...”

ताई खुर्चीखालून बाहेर आली. एका क्षणासाठी तिला खरोखर राग आला. चार दिवस राबून ताटं मांडावीत आणि पाहुण्यांनी बाहेरून जेवून यावं, तसा. दुसऱ्या क्षणी तो राग कुठल्याकुठे गेला आणि तिला एवढंच दिसलं, की तासातली पाच मिनिटं हा मुलगा तिला विचारण्यात घालवतोय.

“मूर्खा, हो म्हण आणि रिक्षा पकड. मी निघतेच.”

मावशींनी विचारलं, “मग तुझी किडनी?”

“माझी माझ्याकडे,” ताई म्हणाली, आणि चप्पल शोधू लागली.

ऑपरेशन पाच तास चाललं. बाहेरच्या बाकावर ताई, भावजय आणि नवरा बसून होते. मध्येच ताईला आठवलं, की दुसऱ्या कुठल्यातरी बाकावर आज आणखी एक घर बसलं असेल, आणि त्यांना वाट बघण्यासारखं काही उरलं नसेल. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “नवी किडनी टेबलावरच काम करायला लागली.” भावजयीने त्यांचे दोन्ही हात धरले. नवऱ्याने चष्मा पुसला, तो पुसतच राहिला.

तीन दिवसांनी ताईला आत सोडलं, तोंडाला मास्क लावून. धाकट्याच्या गालांवर रंग होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला.

“तुझं पोट फुकट गेलं ग, ताई.”

“फुकट कसं? मी काल चार मजले चढले आणि वर जाऊन बोललेसुद्धा. आधी मी दोन मजल्यांनीच धापा टाकत नुसती मान हलवायची.”

“तरी पण.”

“तरी पण काही नाही. आराम कर.”

बाहेर डॉक्टरीणबाई तिची फाइल घेऊन उभ्या होत्या. ती बंद करायची होती. सही करता करता ताईने विचारलं, “ही नवी किती वर्षं चालेल?”

“नीट सांभाळली तर बारा-पंधरा. कधी वीससुद्धा.”

“आणि मग?”

“मग पुन्हा लागेल. तुम्ही तेव्हा साठीत असाल. तब्येत अशीच ठेवलीत तर मी तुमचा विचार करीन.”

ताई हसली. “म्हणजे माझी सुटका नाही तर.”

“नाही. आणि वजन वाढवलंत तर मीही सोडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेली. शहरातल्या एका जुन्या नाट्यगृहाच्या साडेतीनशे खुर्च्या दुरुस्त करायच्या होत्या, जागेवरच, कारण त्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या होत्या. दोन रांगांमध्ये जेमतेम हातभर जागा, वर्षापूर्वी ती अडकलीच असती. ताई आडवी होऊन आत सरकली, मावशींनी बॅटरी धरली, आणि तिने पहिल्या खुर्चीच्या बैठकीचं कापड उसवायला सुरुवात केली.