दोन निळी पानं

नर्सनं आपली राक्षसांची सगळी पानं एका ओळीत पुढे सरकवली आणि राक्षस कोणावर सोडायचे हे न सांगता हात तसाच पानांवर ठेवला.

डाव चौघांचा होता, पण शाळेची बस चालवणारा लंबू मघाशीच बाद होऊन खुर्ची उलटी करून बघत बसला होता. उरले होते नर्स, बेकरीवाला आणि घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी. पत्त्यांच्या दुकानाच्या माडीवरची ही अंतिम फेरी. जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती, आणि त्यासाठी नर्सनं हातापाया पडून आजची ड्यूटी बदलून घेतली होती.

घड्याळजींचा डेक, म्हणजे खेळायचा पानांचा संच, त्यांच्या मुलाचा होता. मुलगा गेल्यावर त्याची ही तिघं मित्रमंडळी घरी येऊन बसायची आणि काय बोलावं ते कोणालाच सुचायचं नाही. शेवटी घड्याळजीच म्हणाले होते, "मला शिकवा तुमचा तो खेळ." मुलाला खेळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. राक्षस आणि जादूगारांच्या चित्रांत पोरगा वेळ घालवतो म्हणून उलट कुरकुरच केली होती.

चौघांच्या डावात नुसती ताकद असून भागत नाही. जो डोळ्यांवर येतो त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात. मुलाची यावर एक युक्ती होती. आपली पाळी संपवताना शक्तीची दोन निळी पानं तो न वापरता राखून ठेवायचा. तेवढ्या शक्तीत 'उलटा वारा' खेळता येई, आणि मग चाल करून आलेलं सैन्य फिरून आपल्याच धन्यावर तुटून पडे. पान हातात असो नसो, निळी पानं समोर दिसली की कोणी त्याच्या वाटेला जात नसे. हे त्यांना तिघांनी हसत हसत सांगितलं होतं. पुढे घड्याळजीही तसंच करू लागले, तेव्हा तिघांचं हसणं थांबलं.

'उलटा वारा' आता डेकमध्ये नव्हताच. अंत्ययात्रा निघताना घड्याळजींनी ते पान मुलाच्या शर्टाच्या खिशात सरकवलं होतं. तेव्हा त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळ्यांत झिजलेलं पान ते, म्हणजे त्याच्या आवडीचं असणार, एवढाच विचार.

"काकांवर सोड," बेकरीवाला घड्याळजींकडे पाहत म्हणाला. "त्यांचा ड्रॅगन पुढच्या पाळीला उठतोय. आत्ता नाही मारलंस तर तुझं काही खरं नाही."

"मग तूच मार की."

"माझ्याकडे सैन्य कुठाय? आणि असतं तरी त्या निळ्यांच्या वाटेला गेलो नसतो."

घड्याळजींच्या हातात एकच पान होतं, काही कामाचं नसलेलं. समोरची दोन निळी पानं जराशी तिरकी झाली होती, ती त्यांनी सरळ केली.

नर्सचे ओठ हलत होते. मनातल्या मनात हिशेब चालला होता. तिचा हात घड्याळजींच्या दिशेनं निघाला, मध्येच अडला, आणि तिनं राक्षस बेकरीवाल्यावर सोडले.

बेकरीवाला बाद झाला. पुढच्या पाळीला घड्याळजींचा ड्रॅगन उठला. नर्सचे राक्षस चाल करून दमलेले, तिला वाचवायला कोणीच उरलं नव्हतं, आणि डाव घड्याळजींनी जिंकला.

"डिट्टो त्याच्यासारखं," लंबू हळूच म्हणाला, आणि बोलून गेल्यावर ओशाळला. चहा घेऊन येतो म्हणत तो बेकरीवाल्याला ओढून खाली घेऊन गेला.

नर्स पानं गोळा करत राहिली.

"नव्हतं ना तुमच्याकडे ते पान?"

घड्याळजींनी हातातलं पान डेकमध्ये मिसळलं. "असं विचारायचं नसतं म्हणे."

"विचारत नाहीये. तुम्ही ते त्याच्या खिशात ठेवलंत तेव्हा मी दाराशी उभी होते."

घड्याळजींनी डेक खाली ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "म्हणजे माझी दया आली तुला."

"नाही काका. मला जिंकायचं होतं. मोजून झालं होतं, तुमच्यावरच सोडत होते." ती अडखळली. "तेवढ्यात तुम्ही पानं सरळ केलीत. करंगळीनं. बाकीची बोटं वर धरून. तो अस्संच करायचा. पान नाही हे पक्कं माहीत होतं मला. तरी त्याची भीती वाटली."

घड्याळजींनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. चिमट्यात बारीक चाक धरलेलं असलं की टेबलावरचे स्क्रू ते करंगळीनं बाजूला सारत, आयुष्यभर. पोरगा लहानपणी शेजारी उभा राहून टुकूटुकू बघायचा. कंटाळून निघून जायचा, असं त्यांना वाटायचं.

"पुन्हा करा ना," नर्स म्हणाली.

त्यांनी दोन पानं मांडली आणि करंगळी पुढे केली. पान भलतीकडेच सरकलं. पुन्हा करून पाहिलं. ठरवून करायला गेलं की बोट ताठरत होतं.

"असू दे," ते डेक पिसू लागले. "बस, एक डाव खेळू. खेळण्याच्या नादात होईल केव्हातरी."

नर्सनं खांद्यावरची पर्स उतरवून खुर्चीला अडकवली आणि ती समोर बसली. वाटलेली पानं तिनं उचलली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर घड्याळजींच्या हातावर होती.