मामांचा अंदाज

"आता एक डोळा मिटा, आणि बाजूनं हात आणून माझ्या पेनच्या टोकाला तुमच्या पेनचं टोक लावा," भाची जमलेल्या कामगारांना म्हणाली.

वेल्डरचं चुकलं. फिटरचंही चुकलं. क्रेनवरचे मामा तर चांगले बोटभर मागे राहिले.

"आता दोन्ही डोळे उघडे ठेवून."

सगळ्यांची टोकं जुळली. मामांचं पेन पुन्हा हवेतच फिरलं. "म्हातारा झालो रे," म्हणत त्यांनी डोळे तिरळे करून दाखवले, आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. भाचीला मात्र हसू आलं नाही.

कारखान्यात त्यांना सगळेच मामा म्हणत. तिचे ते सख्खे मामा होते. वडील गेल्यावर तिला शिकवलं त्यांनीच, इथे उपकरणांच्या खात्यात चिकटवलं तेही त्यांनीच. उंच छताखालच्या केबिनमध्ये बसून पत्र्याची अवजड गुंडाळी, म्हणजे कॉइल, जमिनीवर अलगद टेकवायची, हे त्यांचं काम. एखादी गोष्ट नेमकी जमली की 'मामांचा अंदाज' म्हणायची तिथे पद्धतच पडली होती.

लेसरनं अंतर मोजणारी तीन प्रकारची यंत्रं चाचणीला आली होती. कुठलं कुठे बसवायचं, ते भाचीनं ठरवायचं होतं.

"पहिल्याला दोन डोळे आहेत म्हणा," ती पुढे सांगू लागली, पण लक्ष मामांकडे होतं. "एकीकडून किरण सोडतं, आणि परत येतो तो कुठल्या कोनात येतो ते बाजूनं बघतं. जवळचं अगदी बारीक मोजतं, लांबचं झेपत नाही. दुसरं किरणाला जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतं. लांबचं चालतं, पण बारकाई कमी. तिसरं जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रकाशाची लय ताडून बघतं. ते या दोघांच्या मधलं."

जेवणाच्या सुट्टीत ती शिडी चढून केबिनमध्ये गेली. चारचौघांत ती त्यांना अहो-जाहो करायची. इथे दोघंच होते.

"मामा, डोळा कधीपासून गेलाय तुझा?"

"कुठे गेलाय? इथेच तर आहे."

तिनं खिशातलं पेन काढून त्यांच्यासमोर धरलं.

"वर्ष होईल," ते म्हणाले. "डावा. आतला पडदाच गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता काही होणार नाही."

"आणि इथली तपासणी?"

"पाटीवरची अक्षरं पाठ आहेत मला."

"मग माल उतरवतोस कसा?"

"सावलीवर. माल खाली जातो तशी सावली जवळ येते. मिळाली की थांबायचं."

मागच्या आठवड्यात एक कॉइल धाडकन आदळली होती. फिटरचा पाय थोडक्यात वाचला होता. सगळ्यांनी ब्रेकला शिव्या घातल्या होत्या. तिनं तो ब्रेक स्वतः तपासला होता, आणि त्यात काहीच सापडलं नव्हतं. ते का, ते तिला आता कळलं.

"ते दुसरं यंत्र बसव ना माझ्या क्रेनवर," मामा म्हणाले. "आकडा बघून उतरवीन. रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलीत गं. इथे वर आहे तोवर मी कुणीतरी आहे. खाली उतरलो की काय?"

यंत्र पास व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. दुपारी तिनं ते क्रेनच्या तुळईखाली बसवलं. मळकट पत्र्यावर आकडा छान स्थिर राहिला. मग तेल लावलेली चकचकीत कॉइल आली. किरण तिच्यावरून भलतीकडे गेला. आकडा नाहीसा झाला आणि परत आला तो चुकीचाच. तिनं काच पुसली, कोन बदलला. तिसरं यंत्र लावलं, त्याचंही तेच. पहिलं एवढ्या उंचीवरून उपयोगाचंच नव्हतं. तिनं पुन्हा दुसरं लावलं. हात जोडून यंत्र सुधारत नाही, पण तिनं मनातल्या मनात जोडले. आकडा पुन्हा गेला. आणि आकडा टिकला असता, तरी कॉइल किती खाली गेली एवढंच कळलं असतं. तिच्याखाली कुणाचा पाय आहे, ते मामांनीच बघायचं होतं.

ती परत वर गेली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे नाही," मामा म्हणाले.

"नाही."

"तू सांगणार साहेबांना?"

"तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल." ज्या माणसानं आपल्याला उभं केलं, त्यालाच आपण खाली उतरवतोय, हे तिला सोसवत नव्हतं.

मामांनी क्रेन बंद केली. शिडीवर उलटे होऊन, पायानं एकेक पायरी चाचपत ते उतरले आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले. ती मागोमाग आली. दार उघडंच होतं.

"साहेब, मला एकाच डोळ्यानं दिसतं. वर्षभर लपवलं. त्या दिवशी ब्रेक नव्हता चुकला, मी चुकलो. आजपासून मला वर पाठवू नका."

साहेब काय म्हणाले, ते तिला नीट ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं मामा बाहेर आले. ती भिंतीशी उभी होती.

"रडायला काय झालं, वेडाबाई?" म्हणत त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. हात खांद्याच्या वीतभर अलीकडेच खाली येऊ लागला.

भाची चटकन पुढे सरकली आणि तिनं आपला खांदा त्या हाताखाली नेला.