मागे नेणाऱ्या त्रिकोणाची कबुली

मी एक जुना त्रिकोण आहे. भूमितीच्या वहीतला नव्हे, मित्रांनो. त्या त्रिकोणांचा थाट मोठा, त्यांच्यावर पाच-पाच गुणांचे प्रश्न येतात. मी फोनच्या काचेवर अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात राहतो. माझ्यावर बोट ठेवलं की माणूस एक पाऊल मागे येतो. एवढंच माझं काम. आज मी बोलायला बसलोय ते कौतुक करून घ्यायला नाही. माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कार्यालयात झाला. तिथल्या चित्रकार बाईंनी आधी एक बाण काढला होता. तो बारीक काचेवर गिचमिड दिसायला लागला, म्हणून त्यांनी त्याचं शेपूट कापून टाकलं. उरला तो मी. माझ्या शेजारी गोल आणि त्याच्या पलीकडे चौकोन, अशी आम्ही तीन भावंडं. गोल माणसाला थेट पहिल्या पानावर नेतो, चौकोन उघडी असलेली सगळी कामं समोर मांडतो. गोलाचे लाड जास्त, कारण घरी नेणारा कोणाला आवडत नाही? माझ्याकडे मात्र माणसं चुकल्यावरच येतात. दिवसातून शंभरदा येतात आणि आभार एकदाही मानत नाहीत. असो.

मी ज्या फोनवर आहे तो मावशींचा. मावशी कोट आणि गणवेश शिवतात. गल्लीतले सगळे त्यांना मावशीच म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. त्यांचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. खिडकीखाली शिवणयंत्र, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा आणि खुंट्यांवर एकेक बाही नसलेले कोट. टेबलाच्या खणात एक जड कात्री असते. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला मावशींना खपत नाही.

हे दुकान दोन बहिणींनी मिळून काढलं होतं. थोरली बहीण म्हणजे ताई. पुढे ताईंना विसरण्याचा आजार झाला. सुरुवात अगदी साधी होती. एका गणवेशाची एक बाही दीड इंच लांब शिवली गेली, आणि सगळे हसले. मग मापं चुकत गेली, मग घराचा रस्ता चुकला, आणि शेवटी ताईंनी पोटच्या मुलीला विचारलं, "तुमचं माप घेतलंय का मी?" ती मुलगी म्हणजे मावशींची भाची. ताई गेल्या, तेव्हापासून या दोघीच एकमेकींना आहेत.

ताईंचं ते बघितल्यापासून मावशींनी डोक्यावर भरवसा ठेवणं सोडलं. जुन्या वह्यांतली सगळी मापं भाचीने एका सुट्टीत फोनमध्ये भरून दिली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. पान उघडायचं, नवी मापं भरायची आणि खालचं 'जतन करा' दाबायचं. जतन न करता कोणी मागे फिरलं, तर नवे आकडे जातात आणि जुने तसेच राहतात. हे अॅप मोठं तुसडं, 'खरंच जायचंय का?' असं विचारण्याची पद्धतच त्याच्याकडे नाही.

मावशींचं आणि माझं छान जमलं होतं. त्यांच्या मधल्या बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान, बाकीच्या बोटांना खडूची भुकटी. मावशी तर्जनीच्या पेराने मला टकटक करत आणि मी लगेच मागे नेत असे. काचेवरही खडू बसायचा. मग 'जतन करा' नीट दिसावं म्हणून मावशी आधी काचेवर फुंकर घालत आणि करंगळीच्या कडेने ती पुसून काढत. एकदा डाव्या काठाकडून आत, एकदा उजव्या काठाकडून आत. टेबल, कापड, पट्टी, जे समोर येईल ते त्या अशाच पुसतात. चाळीस वर्षांची सवय आहे ती. हे पुसणं लक्षात ठेवा, मित्रांनो.

भाची एका बँकेत काम करते. एका रविवारी ती आली, तेव्हा मावशी एका कोटाला अस्तर लावत होत्या. फोन हातात घेऊन ती म्हणाली, "अगं मावशी, किती जुनाट ठेवलायस हा! ही खालची बटणं उगाच जागा अडवून बसलीत. काढून टाकते, म्हणजे अक्षरं मोठी करता येतील. मागे जायचं असेल ना, तर काठावरून असं आत बोट सरकवायचं. बघ. कळलं?"

मावशींच्या तोंडात सहा टाचण्या होत्या. त्या म्हणाल्या, "हं."

टाचण्या तोंडात असताना शिंप्याला दुसरं काही म्हणताच येत नाही. भाचीने 'हं'चा अर्थ 'कळलं' असा घेतला आणि आम्हा तिघांना काचेवरून उतरवलं.

आता खरं सांगतो. पद्धत वाईट नव्हती. भाचीच्या स्वतःच्या फोनवर तीच आहे, आणि तिचं बोट त्यावर लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरतं. अक्षरंही मोठी झाली, मावशी खूश झाल्या, दोन दिवसांत सरकवायला शिकल्याही. पण मी काचेवरून उतरलो तरी नाहीसा झालो नव्हतो. मागे नेण्याचं काम माझंच राहिलं, फक्त मला बोलावण्याची खूण बदलली. कोणी काठावरून आत सरकलं की मी हजर. आम्ही हुकमाचे ताबेदार. बोट जायचं म्हणून सरकलं की पुसायचं म्हणून, हे विचारण्याची आम्हाला मुभा नाही.

पहिला आला टपालवाला. पिशवी वाहून त्याचा उजवा खांदा पाऊण इंच खाली उतरलाय. मावशींनी नवं माप घेतलं, पानावर भरलं, फुंकर घातली आणि करंगळीने काच पुसली. मी त्यांना मागे नेलं. भरलेले आकडे गेले. समोर गिऱ्हाइकांची यादी आली. जतन झालं की यादीच येते, म्हणून मावशींना वाटलं, जतन दाबलं आपण.

टपालवाल्याचा कोट खांद्यावर चढेना. तो हसून म्हणाला, "मावशी, मी वाढलो की कापड आटलं?" मावशीही हसल्या. पण तो गेल्यावर त्यांनी त्याचं पान उघडलं. तिथे चार वर्षांपूर्वीचं माप होतं. "मी तर नवं लिहिलं होतं," त्या शिवणयंत्राकडे बघत म्हणाल्या.

मग दवाखान्यातल्या परिचारिकेचा गणवेश चुकला. मग शाळेच्या चौकीदाराची पँट. दर वेळी मावशींना माप घेतलेलं आठवायचं, आकडा भरलेला आठवायचा, आणि पानावर मात्र काही नसायचं. त्या कागदावर लिहायला लागल्या, पण मग कागद कुठे ठेवला ते शोधण्यात वेळ जायचा आणि भीती आणखी वाढायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटत होतं, आणि चोर मी होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

शेवटी वकीलबाईंचा कोट आला. कापड त्यांनी स्वतः आणलं होतं, त्यांच्या आईने जपून ठेवलेलं, पुन्हा कुठे मिळणार नाही असं. मावशींनी पानावरचं माप, जे पुसण्यामुळे जुनंच राहिलं होतं, तीनदा वाचलं, खुणा केल्या आणि कात्री चालवली. पाठ दोन इंच अरुंद निघाली. जोड द्यायला तुकडाही उरला नाही. वकीलबाई रागावल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा तब्येतीकडे बघा." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मावशींनी भाचीला फोन केला. "रविवारी ये. ताईसारखं झालंय मला. आता दुकान आवरू या."

भाची आली तेव्हा खुंट्या रिकाम्या होत्या. मावशींनी जड कात्री फडक्यात गुंडाळली होती. ती भाचीच्या हातात देत त्या म्हणाल्या, "ही घेऊन जा. माझ्यासमोर असली तर मी पुन्हा कोणाचं तरी कापड नासवीन."

"मावशी, आपण गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. मी वेळ घेतली आहे. ते काय म्हणतात ते तरी ऐक."

"ऐकते गं. पण मला माहीत आहे. ताईचंही बाहीपासूनच सुरू झालं होतं." मग त्यांनी डोळे पुसले आणि गळ्यातली मापाची पट्टी काढली. "तुला कोट शिवीन म्हणाले होते. जमेल की नाही देव जाणे, पण माप तरी घेऊन ठेवते. उभी राहा सरळ. पोट आत घेऊ नकोस, मला फसवता येत नाही."

भाची आरशासमोर उभी राहिली. मावशींनी टेबलावर खडूने कच्चे आकडे मांडले आणि मग ते फोनमध्ये भरले. भाचीला रडू येत होतं, ते दिसू नये म्हणून ती आरशात भलतीकडेच, मावशींच्या हातांकडे बघत राहिली. मावशींनी शेवटचा आकडा भरला. काचेवर फुंकर घातली. करंगळीच्या कडेने काच पुसली, डावीकडून एकदा. आरशात फोनचं पान टुणकन बदललं.

"थांब!" भाची ओरडली. "मावशी, आत्ता काय केलंस?"

"काय केलं? खडू पुसला."

"परत भर. काहीही भर. आणि परत पूस."

मावशींनी छातीचं माप भरलं आणि काच पुसली. मी आपलं काम केलं. इतक्या आनंदाने मी आजवर कोणाला मागे नेलं नव्हतं.

भाची मटकन स्टुलावर बसली. "तू विसरत नाहीयेस गं. तू पुसतेस आणि फोन मागे जातो. मी केलंय हे. ती बटणं मी काढली, तुला नीट विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं होतंस," मावशी म्हणाल्या. "माझ्या तोंडात टाचण्या होत्या."

मावशींनी टपालवाल्याचा खांदा आठवून बघितला, मग परिचारिकेची बाही, मग वकीलबाईंची पाठ. सगळे आकडे त्यांनी मोठ्याने, एका दमात म्हटले. एकही अडखळला नाही. मग त्या रडल्या आणि रडता रडताच भाचीच्या पाठीत एक धपाटा घातला.

भाचीने फोनची सेटिंग उघडली. तिथे दोन पर्याय होते, बटणं किंवा सरकवणं. तिचं बोट बटणांकडे गेलं आणि थबकलं. तिने फोन मावशींसमोर धरला. "तू सांग. अक्षरं लहान होतील हं."

"चष्मा आहे मला," म्हणत मावशींनी पेराने टकटक केलं, आणि आम्ही तिघं काचेवर आलो.

मग त्यांनी हात पुढे केला. "माझी कात्री दे."

गुरुवारी त्या ठरल्याप्रमाणे डॉक्टरांकडे गेल्याच. डॉक्टरांनी त्यांची स्मरणशक्ती तपासली, त्यांनी डॉक्टरांच्या कोटाची बाही तपासली. दोष फक्त बाहीत निघाला. वकीलबाईंचं कापड मात्र परत आलं नाही. मावशींनी त्याचा बिनबाह्यांचा आखूड कोट करून दिला आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. वकीलबाई तो घालतात. तरी तो खुंटीवर होता तोवर मला त्याच्याकडे बघवत नसे.

मित्रांनो, बटण चांगलं की सरकवणं चांगलं, हा वाद तुम्ही खुशाल घाला. मला त्यात काही म्हणायचं नाही. फक्त आजोबांच्या, काकूंच्या, शेजाऱ्यांच्या फोनमध्ये काही सोयीचं करून द्यायला बसाल, तेव्हा आधी थोडा वेळ त्यांचे हात बघा. ते काय पुसतात, कशाने दाबतात, कुठे थरथरतात ते बघा. मग विचारा, आणि तोंडातल्या टाचण्या निघेपर्यंत उत्तरासाठी थांबा. माझ्यावर बोट ठेवलं की माणूस एक पाऊल मागे येतो, हे खरं. पण कात्री एकदा चालली की मलाही मागे नेता येत नाही.