चार हातांचा मसाज

थोरलीला राग आला की तिचे हात गरम होत. तिच्या कामात गरम हात हा गुण समजला जातो. त्यामुळे गिऱ्हाइकं खूश असत आणि बाई का तापली आहे हे कुणी विचारत नसे. त्या दिवशी सकाळी तर तिने तेल तापवायला ठेवलंच नसतं तरी चाललं असतं.

कारण सरळ होतं. आदल्या दिवशी मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं होतं आणि आपल्या मधाळ आवाजात सांगितलं होतं, की सोमवारपासून तुम्ही मसाज करायचा नाही, बाहेर काउंटरवर बसायचं. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या. "तुमच्या अंगठ्याला आराम हवाय. मला कळलंय."

कळलंय! असं आपोआप कळतं का? थोरलीच्या उजव्या अंगठ्याचं मूळ कामातून गेलं आहे, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः. दुसरी तिची धाकटी जाऊ. घरी स्वयंपाकघरात बरणीच्या झाकणाशी झटताना तिने थोरलीला पाहिलं होतं, आणि काही न बोलता बरणी हातातून घेऊन उघडून दिली होती. थोरली पुढे आठवडाभर तिच्याशी धड बोलली नव्हती. आपलं झाकण दुसऱ्याने उघडावं, हे तिला कधीच खपलं नव्हतं.

आणि या धाकटीला या कामात आणलं कुणी? थोरलीनेच. लग्न होऊन घरात आली तेव्हा हिच्या हातात एवढा जोर होता की कणीक मळताना परात नाचायची, पण तो जोर कुठे लावायचा आणि कुठे आवरायचा याचा पत्ता नव्हता. थोरलीने तिला आधी गुंडाळलेल्या गाद्यांवर शिकवलं, मग स्वतःची पाठ पुढे केली. कमरेपासून मानेपर्यंत एका दमात सरकणारा साधा तेलाचा मसाज. गाठी फोडणारा खोल मसाज, जो अंगठ्याने कमी आणि कोपराने जास्त करायचा असतो, पण घाईत सगळ्याच अंगठा वापरतात. गरम दगडांचा, ज्यात दगड आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहायचा. तळपायांचा, ज्यात दांडगे पुरुष लहान पोरांसारखे हसतात. सगळं शिकवलं. आणि ही बया कानामागून आली आणि तिखट झाली. घरचं दुखणं बाहेर नेऊन सांगून आली.

'आता कुणाला बोलू?' थोरली टॉवेल मोजून ठेवताना मनात म्हणत होती. 'आपलेच दात आणि आपलेच ओठ.'

काउंटरच्या मागे मोठी पाटी होती. ताण जातो, झोप लागते, रक्त खेळतं, सांधे मोकळे होतात, मन शांत होतं. खोटं काही नव्हतं त्यात. थोरलीने डोळ्यांनी पाहिलं होतं, लोक कपाळावर आठ्या घेऊन आत जात आणि बाहेर पडताना आपली छत्रीसुद्धा विसरत. पण ताण जातो म्हणजे जातो कुठे, हे पाटीवर कुणी लिहिलं नव्हतं. तो हवेत विरत नाही. तो करणारीच्या अंगठ्यात मुक्कामाला येतो.

आज चार हातांचा मसाज होता, आणि तो या दोघींशिवाय कुणाला जमत नसे. एका अंगावर एकाच वेळी दोघी काम करतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. एकीचा हात जिथे, तिथेच आरशात दिसावा तसा दुसरीचा. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की एकाच माणसाला चार हात आहेत. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पुढाकार घेणारी श्वास सोडते, त्यावर दुसरी आपला हात सोडते. या दोघी एका घरात, एका ओट्यापाशी राबलेल्या. एकीने डबा मागायच्या आत दुसरीने तो पुढे केलेला असे. म्हणून त्यांना जमत होतं. आज मात्र दोघी सकाळपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. खोलीत नाहीतरी बोलायचं नसतंच, एवढीच काय ती सोय.

गिऱ्हाईक म्हणजे कोचबाई. मुलांना पोहायला शिकवायच्या. पाठ अशी रुंद की दोघींनाही पुरून उरावी. त्या पालथ्या झोपल्या, तोंड टेबलाच्या भोकात घातलं आणि म्हणाल्या, "चला, घ्या माझा समाचार."

थोरली नेहमीप्रमाणे डावीकडे उभी राहिली. पुढाकार तिचाच असायचा. समोर धाकटी आली. तिच्या पांढऱ्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं. मालकीणबाईंना असलं अजिबात चालत नाही, हे हिला ठाऊक होतं. 'माज,' थोरलीने मनात नोंद केली. 'मॅडमची लाडकी झालीस ना, आता बटण कशाला लावशील.'

तिने श्वास सोडला आणि हात कमरेवर टेकवले. चारही हात वर सरकले.

थोरली ठरवूनच आली होती. आज हिची फजिती करायची. कोचबाईंच्या अंगावर हिचा हात चुकला पाहिजे, म्हणजे कळेल मॅडमना, काउंटरवर कुणाला बसवायचं ते. तिने वेग वाढवला. धाकटीने वाढवला. तिने खांद्यावरचा फेरा मध्येच सोडून एकदम हात खाली कमरेवर आणले, असं कुणी करत नाही. धाकटीचे हात तिथे तिच्याबरोबरच पोचले. थोरलीने श्वासच रोखून धरला, खूण मिळू नये म्हणून. धाकटीने तिच्या खांद्याकडे पाहिलं आणि तरीही वेळेवर हात उचलला. मनातल्या मनात थोरलीने दातओठ खाल्ले. शिकवलं कशाला एवढं चांगलं!

मग ती पाठीच्या डाव्या फऱ्याशी आली. तिथे कोचबाईंची जुनी गाठ होती. कोपर लावायचा, पण थोरलीने ईर्ष्येने अंगठा रोवला. मुळातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. अंगठा आपोआप सैल पडला आणि ती नुसती तळहात फिरवत राहिली. धाकटीने पाहिलं. पाहून लगेच नजर खाली वळवली, आणि ती वळवलेली नजर थोरलीला थपडेसारखी लागली.

शेवटी गरम टॉवेल असतो. रोजची पद्धत अशी, की थोरली कोचबाईंसाठी कोमट पाणी आणायला बाहेर जायची आणि धाकटी मागे राहून टॉवेलने पाठीवरचं तेल टिपायची. नको तितका वेळ टिपायची. थोरलीच्या मनात हेही कधीचं सलत होतं. घासली आम्ही दोघींनी, आणि शेवटचा गोड हात हिचा! मागे राहून बाईंच्या कानाला लागत असेल. आज धाकटीने वाफाळता टॉवेल पिळून उचलला, तोच थोरलीने तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि हनुवटीनेच दाराकडे दाखवलं. जा, पाणी आण.

धाकटी जागची हलेना. तिने टॉवेलचं टोक पुन्हा धरलं, मान हलवली, नको म्हणून. थोरलीने हिसका दिला. मुकाट्याने धाकटी गेली.

थोरलीने पाठ पुसली, वरवर, भराभर, आणि विजयी मुद्रेने टॉवेल टोपलीत टाकला.

कोचबाई उठून बसल्या. अंगाभोवती चादर ओढून त्यांनी उजवा हात गोल फिरवला. छान. डावा फिरवला आणि अर्ध्यातच थांबल्या.

"आज शेवटचं राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"काय राहिलं?"

"अहो, ते टॉवेल टाकून डावीकडे परत जोर लावतात ना दर वेळी. धाकट्या बाई. सगळी डावी बाजू पुन्हा करतात. मला तर वाटायचं, ही तुमची पद्धतच आहे." त्यांनी खांदा पुन्हा हलवून पाहिला. "तेच तर खरं लागू पडतं मला. डावी बाजू तशीच राहिलीये आज."

थोरलीने टोपलीतल्या टॉवेलकडे पाहिलं. डावी बाजू म्हणजे तिची बाजू. म्हणजे कित्येक महिने ती ज्या बाजूवर हात फिरवून समाधानाने पाणी आणायला जात होती, ती बाजू झालेलीच नसायची. तिच्या पाठीमागे कुणीतरी ती गुपचूप उरकत होतं. लाज वाटली तिला, आणि लाजेचा लगेच पुन्हा राग झाला. थोरलीच्या स्वभावात लाज फार वेळ लाज म्हणून टिकत नसे.

टॉवेलच्या खोलीत तिने धाकटीला गाठलं. तिथेही आवाज चढवायची सोय नव्हती. भिंतीपलीकडे गरम दगडांखाली कुणीतरी झोपलेलं, वर छतातून बासरी चालू. त्यामुळे आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण दोघींनी कुजबुजत केलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुम्हाला सांगू? बरणी उघडून दिली तर आठवडाभर तोंड फिरवून बसलात. पाठ उघडून दाखवली असती तर घर सोडून गेला असतात."

"म्हणून मॅडमकडे जाऊन चहाडी केलीस? घरभेदी कुठली!"

"हो, केली." धाकटीच्या कुजबुजीला धार आली होती. "केली चहाडी. आणखी काय करणार होते? रोज माझी बाजू करायची, मग तुमची करायची. एका टेबलाला दोन टेबलांची मेहनत. तुमचा तोरा राखायला मी किती दिवस दोघींचं करू, ताई? मलापण अंगठेच आहेत."

"तुला काय धाड भरलीये? तुझे हात तर—"

"बटण लावून दाखवू?"

थोरलीला कळलं नाही. धाकटीने कोटाच्या गळ्याशी हात नेला आणि ते वरचं बटण काजात घालू लागली. अंगठा वाकेना. बोटं चाचपडली, बटण निसटलं. तिने पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या, पण रडणारी नव्हती ती. तीही तितकीच चिडलेली होती.

"सकाळी होतच नाही," ती म्हणाली. "खालची बघून कशीबशी लावते. गळ्याचं कुणाला लावून द्या म्हणायला लाज वाटते."

थोरली त्या बटणाकडे बघत राहिली. सकाळपासून त्याच बटणाला ती माज म्हणत होती. ती आणखीच भडकली. आता राग नेमका कुणावर काढायचा? स्वतःवर, जिने कोपराऐवजी अंगठा वापरायचं वळण आधी स्वतःला लावलं आणि मग हिलाही? हिच्यावर, जी गाढवासारखी दुहेरी ओझं वाहत राहिली? तिने पुढे होऊन धाकटीच्या कोटाची गळपट्टी धरली, मधल्या दोन बोटांत बटण पकडलं आणि झटक्यात काजात घुसवलं.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली.

"तुमच्याकडूनच शिकले."

थोरली टॉवेलच्या खोलीतून बाहेर पडली ती सरळ काउंटरकडे. मालकीणबाई तिथे फुलदाणीतली फुलं सारखी करत होत्या.

"मॅडम, सोमवार कशाला? मी आजच बसते."

"अगदी छान," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, प्रकरण गोडीगुलाबीने मिटलं.

फोन वाजला. थोरलीने डाव्या हाताने उचलला. कुणी बाई होत्या, कमरेने हैराण, आजच हवा होता, खोल मसाज, आणि तो धाकट्या बाईंच्याच हातचा. त्यांचा हात फार चांगला आहे असं ऐकलंय.

"उद्या सकाळी या," थोरली म्हणाली. "आज नाही. आज त्यांना वेळ नाही."

मालकीणबाईंनी फुलं सोडली आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "अहो, पुढची वेळ रिकामी आहे की! चुकलं तुमचं."

थोरलीने फोनवर हात ठेवला आणि मान वर केली. तिचे हात तापले होते, आवाजही तापला होता, आणि या वेळी तो तिने खाली ठेवला नाही. आतली बासरी त्यात बुडाली.

"रिकामी नाहीये ती," ती म्हणाली. "ती वेळ तिच्या अंगठ्याची आहे. ती कुणालाही मिळणार नाही."

दगडांच्या खोलीतलं गिऱ्हाईक दचकून उठल्याचा आवाज आला. टॉवेलच्या खोलीचं दार किलकिलं झालं. मालकीणबाई पुन्हा फुलांकडे वळल्या.

थोरलीने फोन पुन्हा कानाला लावला. "हं, बाई," ती म्हणाली. "उद्या सकाळी. चालेल ना?"