गोदाआजीचा नवस

देवेशच्या आजीने नवस केलाय, हे मला कळेपर्यंत दिवाळी उलटून गेली होती. आधी कळलं असतं तर मी बाळकुमला त्यांच्या दारात जाऊन बसले असते.

मी प्रीती. ठाण्यातल्या एका इंग्रजी शाळेत आठवड्यातून दोनदा जाते आणि ज्या मुलांना बोलायला उशीर होतो, शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, त्यांना घेऊन बसते. माझी खोली जिन्याखाली, स्पोर्ट्स डेच्या ढोलांशेजारी. शाळेच्या जाहिरातीत मात्र माझा फोटो मोठा आहे.

देवेश सीनियर केजीत. जूनमध्ये आला तेव्हा दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलायचा, तेही अर्धं गिळून. "आजी कोंबरी अंडी." पाच वर्षांच्या मुलाला हे फार कमी आहे, पण तो बोलत होता. बोलणाऱ्या मुलाला पुढे नेता येतं. गप्प झालेल्याला आधी परत आणावं लागतं, आणि ते दर वेळी जमतंच असं नाही.

मग पालकसभा झाली. वर्गशिक्षिका ऐश्वर्या मॅडमनी त्याच्या आईला, जागृतीला, सांगितलं, "घरी एक भाषा, शाळेत एक. त्यानेच कन्फ्यूज होतो तो. आजपासून घरी ओन्ली इंग्लिश." रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. मूल ज्या भाषेत जेमतेम उभं राहिलंय, तीच पायाखालून काढून घ्यायची! मी प्रिन्सिपलशी भांडले. ते म्हणाले, "मॅडम, पालक कशासाठी ॲडमिशन घेतात, ते बघा ना." विषय संपला.

गणपतीनंतर देवेश गप्प झाला. माझ्या खोलीत यायचा, प्लॅस्टिकची कोंबडी हातात घ्यायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. कुणी मारलं का, कशाला घाबरला का, सगळं विचारून झालं. शेवटी जागृतीला बोलावलं.

"घरी पण शांतच असतो, मॅडम," ती म्हणाली. "पण इंग्लिश येईल ना आता. सासूबाईंनी तर गावदेवीला नवस केलाय. तो इंग्लिशमध्ये पूर्ण वाक्य बोलेपर्यंत त्या त्याच्याशी एक शब्द बोलणार नाहीत."

मी त्याच संध्याकाळी बाळकुमला त्यांच्याकडे गेले.

त्यांच्या जुन्या शेतावर टॉवर उभा राहिला, त्यातच त्यांचा फ्लॅट; आजीच्या कोंबड्या टॉवरमागच्या खुराड्यात. गोदाआजी बाल्कनीत सुकट निवडत बसल्या होत्या. शेजारी देवेश. तो एकेक सुकट उचलून त्यांच्या ताटात टाकत होता, आणि दोघं गप्प. जागृती म्हणाली, हे रोजचंच; आधी या वेळेला दोघांची नुसती बडबड चालायची. आतून त्याचे वडील ओरडले, "देवेश, कम! वॉश हँड!" जागृती म्हणाली, "सिट. ईट." त्यांचं इंग्रजी तिथेच संपत होतं. बिचारे जीव तोडून करत होते. पण त्या पोराशी दिवसभरात गप्पा मारणारं घरात कुणी उरलं नव्हतं, उरले होते ते हुकूम.

"आजी, तुम्ही बोला त्याच्याशी," मी म्हटलं. "तुमच्याच भाषेत. कोंबड्यांचं, सुकटीचं, कशाचंही. त्याचे शब्द तुमच्यापाशीच आहेत."

"मना कलतं, बाय," आजी हळूच म्हणाल्या. "सगली बोलली, त्याच्याशी बोलू नको. पन माज्यानी रावत नव्हतं. दिसला का त्वांड उघरायचं. म्हनून तं देवीच्या पायाव हात ठेवला."

"मग देवीची माफी मागा. नारळ वाहा."

"आन सबूद मोरला म्हनून पोराला काय झालं तं?"

आमच्या घरात नवस करत नाहीत. मला राग आला होता, देवीचा नाही, माणसांचा. पण नातवावरच्या मायेने जी बाई त्याच्याशी बोलणं सोडते, तिला मी कुठल्या तोंडाने रागावणार होते? देवेश आमच्याकडे बघत नव्हता. सुकट उचलून ताटात टाकत होता.

संक्रांतीला जागृतीने मला हळदीकुंकवाला बोलावलं. मी देवेशला बघायला गेले. हॉल बायकांनी भरलेला, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. देवेश मध्ये येऊन उभा राहिला. ओठांवर बोट ठेवलं आणि खणखणीत म्हणाला, "चिल्ड्रेन, कीप क्वाएट!"

टाळ्या पडल्या. जागृती रडायलाच लागली. एवढं पूर्ण वाक्य, तेही इंग्रजीत! वर्गात दिवसभर जे त्याच्या कानावर आदळत होतं, तेच त्याने उचललं होतं. मी टाळी वाजवली नाही.

गोदाआजी स्वयंपाकघरातून धावत आल्या. तिळाने माखलेल्या हातांनीच त्याच्यापुढे खाली बसल्या. नवस फिटला होता. "माजा बाला तो! किती दिस झालं रं... तुजी लाल कोंबरी अंड्यांव खुरूक बसलीय, ठाव हाय का? उंद्या जाव आपून, तिला बगाला..." साठवलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही.

देवेश त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने बोट उचललं आणि आजीच्या ओठांवर ठेवलं.

"कीप क्वाएट."

बायका खो खो हसल्या. आजी गप्प झाल्या. आणि देवेश हसला. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याचं ऐकलं होतं.