बायनाबाईच्या घरातली पूररेषा

ओढा रुंद करायला पोकलेन मशीन उद्या सकाळी येणार होतं आणि ओढ्याला पूर केवढा येतो, हे मला अजून नक्की ठाऊक नव्हतं. रुंदी ठरवायची मी, आणि हाताशी फक्त सूत्राने काढलेला आकडा होता. पाणलोट किती, उतार किती, पाऊस किती, हे मांडलं की आकडा येतोच. पण या ओढ्याचं पाणी आजवर कुणी मोजलेलं नाही. रुंदी कमी पडली तर पूर काठच्या घरांत शिरेल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

म्हणून पुराच्या खुणा विचारत फिरत होते. पण वडवणीच्या या भागात जानेवारीत विचारायचं कुणाला? काठावरची माणसं ऊसतोडीला गेलेली. गावात उरलेले राहतात चढावर, आणि चढावरून कुठलाही पूर गुडघाभरच दिसतो.

काठावर उघडं घर एकच. मुलगा आश्रुबा आणि सून लहान पोरीला घेऊन उसाच्या फडावर, म्हातारी बायनाबाई घर राखायला.

"मावशी, पुराचं पाणी घरात कुठवर येतं?"

"घरात? न्हाई बा. उंबऱ्याला बी शिवत न्हाई."

मला हायसं वाटलं. चहाला थांबले, तर बाई स्टुलावर चढून देवापुढे दिवा लावू लागली. देव्हारा माझ्याही डोक्याच्या वर.

"या वयात कशाला चढता? देव खाली घ्या की."

ती उतरली, पदर सारखा केला.

"पयले खालीच व्हते," ती म्हणाली. "वाहून गेलते. हितवर पाणी येतंय." तिने छातीला हात लावला. "खरं सांगितलं तर तुमी वढा रुंद करताल, अन् घर त्याच्यात जाईल. म्हणून बोलले न्हाई."

छातीभर पाणी धरलं तर माझा आकडा जवळजवळ दुप्पट होत होता. नवा काठ तिच्या चुलीवरून जात होता. मी चिडले, पण कुणावर ते कळेना. ओढा अरुंद ठेवला तर तिचं घर राहणार, आणि पावसाळ्यात सगळ्या काठाला पाणी लागणार. हे तिला तसंच सांगितलं. दुसऱ्या जागेसाठी ग्रामपंचायतीत भांडेन, असंही म्हणाले. ते मलाच पोकळ वाटलं.

"आधी आश्रुबाला विचारा," म्हणत मी माझ्या फोनवरून त्याला फोन लावून दिला.

"आई, घर बरं हाय ना?" मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"हाय की. घराला काय होतंय?"

"मग फोन कावून केला?"

"असाच. पोरीला जप." तिने फोन माझ्या हातात दिला.

"सांगितलं नाही तुम्ही त्याला."

"सांगितलं तर कोयता टाकून निघंल त्यो. पैसे आगाऊ घेतल्यात, मुकादम येऊ देतोय व्हय? तुमी लिवा रुंदी. काठाला लेकराबाळांची घरं हायती. मशीन तेवढं खालच्या टोकाकून लावा, मला सामान हलवायला येळ लागतो."

मी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला. आश्रुबाच होता.

"उचलू नका," बायनाबाई म्हणाली.

फोन हातात धरून मी उभी राहिले. तो वाजून वाजून थांबला.